लष्कराचे पुरुमेंत: तरुण अधिकाऱ्यांना व्यवस्थापन खेळातून का शिकवतात?

पणजीहून फेरीबोटीने बेतीच्या धक्क्यावर उतरून वेऱ्याची वाट धरली की थोड्याच वेळात नौदलाचा आयएनएस मांडवी हा तळ लागतो. तेथील नौदल युद्ध महाविद्यालयाच्या ‘चोला’ या नव्या इमारतीचे उद्घाटन ५ मार्च २०२४ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले आणि त्या निमित्ताने ‘वॉरगेम’, ‘सिम्युलेशन’ असे शब्द गोव्यातील सामान्य वाचकाच्याही नजरेखालून गेले. आमच्या शेजारी हाच विषय वेगळ्या तऱ्हेने निघाला. शेजाऱ्यांचा नातू सैन्यात लेफ्टनंट आहे आणि चतुर्थीसाठी रजेवर आला होता. प्रशिक्षणात दोन दिवस आम्ही रसदपुरवठ्याचा खेळ खेळलो, असे तो बोलता बोलता सांगून गेला. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला सुपारीचा घड बांधत असलेले त्याचे आजोबा हात थांबवून म्हणाले, “म्हणजे सरकार तुला खेळायचा पगार देते?” सगळे हसले, नातूही हसला, पण उत्तर कोणी दिले नाही. प्रश्न रास्त असल्यामुळे त्याचे उत्तर येथे जरा सविस्तर देत आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या परिस्थितीची अशी प्रतिकृती, की जिच्यात घेतलेल्या निर्णयाचे परिणाम दिसतात, पण भोगावे लागत नाहीत. त्यासाठी यंत्र वापरले तर त्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. वैमानिकाचा सिम्युलेटर आपण चित्रांत पाहिलेला असतो. समोर डोके चालवणारा शत्रू असेल आणि दोघांमध्ये निवाडा करणारा पंच असेल, तर तो युद्धखेळ. आणि शस्त्रांऐवजी माणसे, माल, पैसा आणि वेळ यांचे वाटप करण्याची परीक्षा असेल, तर तो व्यवस्थापन खेळ. या लेखाचा रोख या शेवटच्या प्रकारावर आहे.

आपल्याकडे याला अगदी जवळचा शब्द आहे तो म्हणजे तालीम. गावच्या जत्रेत नाटक करायचे तर आधी वाचन होते, मग उभी तालीम आणि शेवटी कपडेपट, रंगभूषेसह रंगीत तालीम. नाटक तर जत्रेच्या रात्री आहे, मग हे दोन महिने देवळाच्या मंडपात कशाला घालवता, असे कोणी विचारत नाही. फरक इतकाच की नाटकातील संवाद ठरलेले असतात, तर अधिकाऱ्याच्या तालमीत समोरचे पात्र काय बोलेल हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते.

कोवळ्या अधिकाऱ्याच्या हाती असते काय?

चित्रपटांनी आपली एक समजूत करून दिली आहे की तरुण अधिकारी म्हणजे टेकडीवर सर्वांत पुढे धावणारा माणूस. तसे प्रसंग येतात आणि त्यांची तयारीही करून घेतली जाते. पण वर्षाच्या बहुसंख्य दिवसांत बावीस-तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटासमोरचे प्रश्न अगदी वेगळे असतात. कोणाला रजा द्यायची आणि कोणाची पुढे ढकलायची, चारपैकी दोनच गाड्या चालू असताना पाणी आधी आणायचे की दारूगोळा, जनरेटरचे डिझेल किती दिवस पुरेल, आजारी जवानाला आज खाली पाठवायचे की उद्या. शिवाय हे निर्णय त्याला अशा सुभेदारासमोर घ्यायचे असतात, ज्याची नोकरी जवळजवळ या अधिकाऱ्याच्या वयाइतकी झालेली असते. त्याला ‘सुभेदार साहेब’ म्हणून मान द्यायचा, त्याचा सल्ला घ्यायचा, आणि तरीही निर्णयाची जबाबदारी आपल्या अंगावर ठेवायची, हे पुस्तकात वाचून जमत नाही.

अधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, मुलाखतीला जाऊन आलेल्या गोव्यातील मुलामुलींनी याची चुणूक पाहिलेली असते. एका मोठ्या प्रतिकृतीभोवती उमेदवारांचा गट बसवतात. नदी, पूल, रेल्वेमार्ग, खेडे त्यावर मांडलेले असते. एकाच वेळी तीन-चार संकटे कोसळली आहेत असे सांगतात आणि हाताशी असलेल्या मोजक्या साधनांत योजना आखायला लावतात. निवडीच्या वेळी हा खेळ माणूस ओळखण्यासाठी असतो, तर निवड झाल्यावर तोच माणूस घडवण्यासाठी वापरला जातो.

लडाखचे पुरुमेंत

गोव्यात मे महिना म्हणजे पुरुमेंताचा महिना. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी तेव्हाच करायची असते. सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, चिंच, सोले, कांद्याच्या माळा, उकडा तांदूळ. जास्त मिरच्या घेतल्या तर जुलैत त्यांना बुरशी येते आणि कमी घेतल्या तर ऑगस्टमध्ये दुप्पट भावाने आणाव्या लागतात. माझी आई हा हिशेब कागद न घेता करीत असे आणि तरीही दरवर्षी एखादी वस्तू चुकत असे. कारण या हिशेबात तीन अडचणी एकत्र आलेल्या असतात. लागणार किती हे नक्की माहीत नसते, माल मागितला की लगेच मिळत नाही, आणि चूक झाली तर ती महिन्या-दोन महिन्यांनी कळते.

लडाखमध्ये सैन्यालाही पुरुमेंत करावे लागते, फक्त ते पावसासाठी नव्हे तर बर्फासाठी. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजी ला खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद होते, म्हणून धान्य, केरोसीन, औषधे, थंडीचे कपडे हा सारा साठा उन्हाळ्यातच वर चढवून ठेवावा लागतो. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यावर रोहतांग खिंडीची अडचण दूर झाली असली, तरी मनालीहून लेहच्या वाटेवरील पुढच्या उंच खिंडी शिल्लक आहेतच. उंचावरील चौकीतील केरोसीन संपले तर प्रश्न जेवणाच्या चवीचा राहत नाही, कारण त्यावरच बर्फ वितळवून पिण्याचे पाणी होते आणि त्यावरच रात्रीची ऊब मिळते.

आता हे काम तरुण अधिकाऱ्याला शिकवायचे कसे? प्रत्यक्ष चुका करून शिकू दिले तर एका चुकीची किंमत एका हिवाळ्याएवढी असते, आणि धडा मिळायला सहा महिने लागतात. खेळात तेच सहा महिने एका दुपारीत बसवता येतात. व्यवस्थापन खेळाची खरी मातब्बरी मला यात वाटते: निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यातील लांबलचक अंतर तो इतके आखडतो, की दोन्ही टोके एकाच नजरेत मावतात.

फोंड्यातील वर्गात चार टेबले

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध खेळ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत साधारण १९६० च्या सुमारास जे फॉरेस्टर यांच्या सहकाऱ्यांकडून तयार झाला. त्याचे नाव बीअर गेम. गोव्यातील वर्गात हे नाव उच्चारल्यावर हशा पिकतोच, म्हणून एनसीसीच्या छात्रांसमोर तो मांडताना मी बीअरच्या जागी केरोसीनचे जरीकॅन घेतले. फोंड्यातील एका महाविद्यालयात चार टेबले ओळीने लावली. पहिले सीमेवरील चौकीचे, दुसरे बटालियनच्या भांडाराचे, तिसरे तळावरील डेपोचे आणि चौथे मुख्य पुरवठा केंद्राचे. जरीकॅन म्हणून काडेपेटीतल्या काड्या घेतल्या. नियम साधे होते. प्रत्येक टेबलाने दर ‘आठवड्याला’ आपल्या मागच्या टेबलाकडे चिठ्ठीवर मागणी नोंदवायची, जिला सैन्यात इंडेंट म्हणतात. माल टेबलावरून टेबलावर यायला दोन आठवडे लागतात. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक डब्यामागे आठवड्याला पन्नास पैसे खर्च आणि पुरवू न शकलेल्या प्रत्येक डब्यामागे एक रुपया दंड. टेबलांनी आपसात बोलायचे नाही. चौकीला दर आठवड्याला किती डबे लागतात हे पत्त्यांच्या गड्डीवर लिहिलेले होते आणि ते पत्ते फक्त पहिल्या टेबलालाच दिसत होते.

पहिले चार आठवडे शांततेत गेले. पाचव्या आठवड्यापासून चौकीची मागणी थोडी वाढली. पहिल्या टेबलाचा साठा उतरू लागला, म्हणून त्याने जरा जास्त डबे मागितले. माल येईना, कारण वाटेत दोन आठवडे होते. त्याने आणखी मागितले. दुसऱ्या टेबलाला वाटले की वर काहीतरी मोठे घडले आहे, म्हणून त्याने त्याहून मोठे इंडेंट पाठवले. अकराव्या आठवड्यात चौथ्या टेबलावर एकदम साठ डब्यांची चिठ्ठी पडली, तेव्हा तिथला मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, युद्ध सुरू झाले काय?” विसाव्या आठवड्याच्या सुमारास सगळा मागवलेला माल एकदम येऊन थडकला, काड्यांचे ढीग लागले, आणि आता प्रत्येक टेबल शून्याच्या चिठ्ठ्या पाठवू लागले. तिसऱ्या टेबलावरील मुलगी तोवर इतकी वैतागली होती की तिने मागच्या टेबलाकडे बघणेच सोडले होते.

खेळ थांबल्यावर मी मागच्या तीन टेबलांना विचारले की चौकीची खरी मागणी कशी असेल याची रेघ कागदावर काढा. तिघांनीही समुद्राच्या लाटा काढल्या. मग मी गड्डी उघडून पत्ते मांडले. चार, चार, चार, चार, आणि त्यानंतर शेवटपर्यंत आठ, आठ, आठ. मागणी एकदाच वाढली होती आणि मग तिथेच स्थिर राहिली होती. वर्ग काही क्षण गप्प होता. चाबकाची मूठ वीतभर हलवली की टोक हातभर उसळते, तसा मूळचा छोटा बदल टेबलागणिक वाढत गेला होता आणि प्रत्येकजण आपल्या त्रासाचे खापर शेजाऱ्यावर फोडत होता.

हे फोंड्यातील मुलांचेच अपयश नव्हे. एमआयटीतील जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळातील संघांचे हिशेब तपासले, तेव्हा संघांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. लेफ्टनंटाने यातून घ्यायचे ते अगदी व्यवहारी आहे. मागवलेला पण वाटेत असलेला माल वहीत वेगळा लिहायचा, तो न मोजता दुसरे इंडेंट पाठवायचे नाही, आणि मागची-पुढची टेबले एकमेकांशी बोलतील याची व्यवस्था करायची. हे मी फळ्यावर तीन ओळींत लिहून देऊ शकलो असतो. पण स्वतः साठ डब्यांची चिठ्ठी लिहिलेल्या मुलीला ते जसे कळले, तसे त्या तीन ओळींनी कळले नसते.

मुळात हा खेळ कोणाचा?

कंपन्यांचे खेळ आता सैन्यात घुसवत आहेत, अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. इतिहास याच्या उलट आहे. प्रशियात १८१२ साली फॉन राइसविट्झ या गृहस्थाने राजासमोर युद्धखेळ मांडला आणि १८२४ मध्ये त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने त्याला नकाशा, फासे आणि पंच यांचे नीट रूप दिले. तेथून तो इतर सैन्यांत पसरला. १९५५ मध्ये अमेरिकेतील रँड या संस्थेने वायुदलासाठी ‘मोनोपोलॉग्ज’ नावाचा खेळ केला, ज्यात खेळाडू पाच तळांना सुटे भाग पुरवणाऱ्या डेपोचा साठा सांभाळत असे. दोन वर्षांनी अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने कंपन्यांच्या वरिष्ठांसाठी आपला खेळ काढला, आणि त्याला प्रेरणा लष्करी खेळांचीच होती. म्हणजे माहेरची वस्तू सासरी जाऊन परत आली, एवढेच.

लिव्हरपूलमधील फरशी

तरुण अधिकाऱ्यांना खेळातून शिकवण्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण मात्र दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४२ च्या आरंभी अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी मालवाहू जहाजे बुडवत होत्या. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना लिव्हरपूलमध्ये एक तुकडी उभारायला सांगितले गेले. त्यांनी खोलीच्या फरशीलाच समुद्र केले आणि तिच्यावर खडूने जहाजांच्या वाटा आखल्या. कडेला कापडी पडदे लावून त्यांना बारीक झरोके ठेवले, जेणेकरून खेळणाऱ्या अधिकाऱ्याला समुद्रावर रात्री जेवढे दिसले असते तेवढेच दिसावे. ही फरशी चालवणाऱ्या बहुतेक जणी नौदलाच्या महिला शाखेतील विशीच्या आसपासच्या मुली होत्या.

हल्ल्याच्या नोंदी फरशीवर पुन्हा मांडताना रॉबर्ट्स यांच्या लक्षात आले की पाणबुड्या ताफ्याच्या बाहेरून नव्हे, तर रात्री मागून पृष्ठभागावरून ताफ्याच्या आत शिरून मारा करीत असाव्यात. संरक्षक जहाजे मात्र त्यांना बाहेर शोधत फिरत होती. यावरून जो नवा डाव बसवला गेला त्याला ‘रास्पबेरी’ हे नाव मिळाले. पुढे नवे सरसेनापती ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जे स्वतः जुने पाणबुडीवाले होते, ते पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि जॅनेट ओकेल या तरुण मुलीकडून पुन्हा पुन्हा हरले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या फरशीवरून शिकून गेले. खडू, कापड आणि दोरा एवढेच साहित्य होते.

‘पण खेळात भीती कुठे असते?’

हा सर्वांत जोरदार आक्षेप आहे आणि तो खराच आहे. काड्यांच्या खेळात कोणाचेही बोट थंडीने काळे पडत नाही. खेळ भीती शिकवत नाही. ती मैदानावर, अंधारात, थकलेल्या पायांनीच शिकावी लागते. खेळ शिकवतो ते अर्धवट माहितीवर, घड्याळाच्या काट्याखाली निर्णय घेणे. भीती वाटत असताना डोके ज्या सवयीने चालायचे, ती सवय आधी लागलेली असावी, एवढाच त्याचा दावा आहे.

दुसरा धोका अधिक चिवट आहे. मुले धडा शिकण्याऐवजी खेळ जिंकायला शिकतात, जसे परीक्षार्थी विषयाऐवजी प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करतात. केरोसीनचा खेळ छत्तिसाव्या आठवड्याला संपणार असे आधी सांगितले, तर हुशार मुले शेवटी साठा शून्यावर आणून खर्च वाचवतात आणि सदतिसाव्या आठवड्यात चौकी गोठणार याचे त्यांना काही वाटत नाही. म्हणून जाणकार शिक्षक पन्नास आठवडे सांगतो आणि छत्तिसाव्याला थांबवतो. शिवाय खेळ रंगला म्हणजे शिकणे झाले असेही नाही. शिकणे होते ते खेळानंतरच्या झाडाझडतीत. ती घाईने उरकली तर दुपार केवळ मजेत गेली असे समजावे.

पंचच मिंधा असेल तर?

मिडवेच्या लढाईपूर्वी, १९४२ च्या मे महिन्यात, जपानी नौदलाने आपली योजना खेळून पाहिली. जपानी नौदल वैमानिक मित्सुओ फुचिदा यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, खेळात अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांवर पडल्याचे ठरले. ॲडमिरल उगाकी यांनी ते तीनवर आणले आणि बुडालेले जहाज पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागले. जूनमध्ये खऱ्या समुद्रात जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. २००२ साली अमेरिकेच्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या सरावात शत्रूची भूमिका करणारे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी सुरुवातीलाच सोळा जहाजे ‘बुडवली’, तर ती परत तरंगवण्यात आली आणि पुढे त्यांच्यावर बंधने घातली गेली. सराव पुढे चालू ठेवायला जहाजे पुन्हा उभी करणे समजू शकते. शत्रूचे हात बांधून मग आपली पद्धत यशस्वी ठरली असे लिहिणे समजू शकत नाही.

कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या खेळात हा दबाव कमी असतो, कारण एखाद्या सरसेनापतीची योजना तिथे पणाला लागलेली नसते. तरीही प्रशिक्षक वर्गातच बसून गोपनीय अहवाल लिहीत असेल, तर लेफ्टनंट धाडसी डाव टाकणार नाही, तो सुरक्षित डाव टाकील. खेळातील गुण आणि नोकरीतील गुण वेगळे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘अधिकाऱ्याचा मॅनेजर करायचा आहे काय?’

व्यवस्थापनाचे शिक्षण आपल्या सैन्याला नवे नाही. सिकंदराबादची संरक्षण व्यवस्थापन संस्था १९७० पासून आहे, पण तेथे अनुभवी अधिकारी जातात. वेऱ्याचे महाविद्यालयही मुख्यतः वरच्या श्रेणीसाठी आहे. नौदलाचे छात्र २००९ मध्ये केरळातील एझिमला येथे आजची अकादमी सुरू होईपर्यंत याच आयएनएस मांडवीत घडत असत; आता येथे येणारे अधिकारी पंधरा-वीस वर्षांचा अनुभव घेऊन येतात. माझे म्हणणे असे की केरोसीनचा हिशेब चाळिशीत शिकण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो चुकतो विशीत.

मात्र आक्षेपातील एक भाग मानलाच पाहिजे. कंपनीचा साठा संपला तर गिऱ्हाईक जाते, चौकीचा संपला तर माणूस जातो. आणि बाजार तुमच्याविरुद्ध कट करीत नाही, शत्रू करतो. म्हणून कंपन्यांचा खेळ जसाच्या तसा उचलून चालत नाही. त्यात मधेच पूल उडवणारा, ताफा अडवणारा, खोटी मागणी पाठवणारा एक लाल गट घालावा लागतो. पुढच्या खेपेला फोंड्यात मी तिसऱ्या टेबलावरील त्या मुलीलाच लाल गटात बसवले आणि तिने पहिल्या दहा मिनिटांत दोन चिठ्ठ्या गायब केल्या.

दाबोळीची धावपट्टी

संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी धोरण जाहीर केले, आणि त्यात इंधन, दारूगोळा व यंत्रांची झीज वाचण्याचा हिशेब आहेच. पण प्रतिकृती कुठवर न्यायची, याचे उत्तर शोधायला दिल्लीला जावे लागत नाही. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवरील प्रतिकृती आहे. टोकाला वर उचललेली चढण, आणि उतरणाऱ्या विमानाला अडकवून थांबवणारी तार. नौदलासाठीचे तेजस विमान १३ सप्टेंबर २०१९ रोजी प्रथम या तारेला अडकून थांबले. ही धावपट्टी जहाजासारखी हलत नाही, ही एक मोठी गोष्ट तिच्यात नाही. ती गोष्ट विमानाने ११ जानेवारी २०२० रोजी अरबी समुद्रात आयएनएस विक्रमादित्यवर उतरून अनुभवली, दाबोळीला तारेला अडकून पहिल्यांदा थांबल्यानंतर चार महिन्यांनी.